नदीचा वाटा कोण मागणार?

पुण्यातल्या मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पाचा वाद पेटला की म्युनिकमध्ये माझ्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो: तुमच्या युरोपात नद्यांचे काठ किती सुंदर बांधलेत, मग पुण्यातच विरोध कशाला? विचारणारे माझे जवळचे मित्र आहेत आणि शहराबद्दलची त्यांची कळकळ खरी आहे.

पण म्युनिकने आपली बांधून ठेवलेली इसार नदी मोकळी केली आहे. इसार इथे दीडशे वर्षं कालव्यासारखी सरळ करून ठेवली होती. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरमध्ये काठाचं काँक्रीट उखडलं, पात्र रुंद केलं आणि गोट्यांचे उथळ किनारे, बेटं घडवण्याचं काम पुष्कळसं नदीवरच सोपवलं. खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो. त्यामागचं पहिलं कारण पूर हेच होतं. मागचे बांध मजबूत केले, पण पाण्याला पसरायला जागाही दिली. वरच्या गावांच्या मैलापाणी केंद्रांत अतिनील किरणांनी जंतू मारायची सोय झाली. लोक आता उन्हाळ्यात नदीत उतरतात ते त्यामुळे.

पुण्याचा आराखडा ४४ किलोमीटरचा आणि ४,७२७ कोटींचा. त्यात भर काठावर आहे: बांध, फिरायच्या वाटा, बागा. पात्र अरुंद होईल आणि जुनी झाडी जाईल, ही विरोधकांची भीती मला रास्त वाटते. २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने माणसं वाहून नेली, जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचा विसर्ग वाढताच सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. अशा शहरात नदीची एक फूटही रुंदी कमी करायला माझं मन तयार होत नाही. मैलापाण्याचंही तेच. जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून होणारा ११ शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला आणि वर्षानुवर्षं रखडला. काठ सजवण्याआधी ते काम पुरं व्हायला हवं होतं.

तरी या वादात दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट फार कमी ऐकू येते. मुठेत पाणी कुठे आहे? पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्यात अडवलेलं पाणी पुण्याच्या नळांना आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं. पावसाळ्यातला विसर्ग थांबला की शहरातून वाहतं ते बहुतांशी आपलंच सांडपाणी.

इसारचीही अशीच दशा होती. १९२०च्या दशकात वाल्चेनझे जलविद्युत प्रकल्पासाठी क्र्युन गावाजवळ तिचं पाणी वळवलं आणि खालचं पात्र कोरडं पडलं. लोक कित्येक वर्षं भांडले, तेव्हा कुठे १९९० पासून तिथे नदीसाठी थोडं पाणी सोडणं सुरू झालं. आजही बरंचसं पाणी विजेकडेच जातं. पण नदीचा हक्क कागदावर आला.

मुठेची इसार होणार नाही, हे मलाही समजतं. इथे आल्प्सचं बर्फ वितळतं, आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस. सह्याद्रीतली नदी एप्रिल-मेमध्ये तशीही आटते, डोहांपुरती उरते. मासे त्या डोहांत तग धरतात आणि पहिल्या पुरात पुन्हा पसरतात. म्हणून बारमाही दुथडी पाण्याची मागणी मी करत नाही. जोडीला बंधारे घालून साचवलेल्या पाण्याचा आरसाही नको, कारण मैलापाणी येत असेल तर त्यात जलपर्णीच माजेल. हिवाळ्यात हळूहळू ओसरणारी धार आणि उन्हाळ्यात जिवंत राहतील असे स्वच्छ डोह, एवढं या नदीला पुरेल.

धरणातल्या पाण्याची वाटणी कालवा सल्लागार समितीत ठरते. शहर किती घेणार, शेतीसाठी कालव्याला पाणी किती वेळा सोडायचं (आवर्तनं), यावर तिथे दरवर्षी खडाजंगी होते. इंदापूरच्या शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी काढून नदीला द्या, असं मी परदेशात बसून म्हणणार नाही. हा वाटा शहराने आपल्या गळक्या नळांतून आणि पुनर्वापरातून काढायला हवा. विठ्ठलवाडीच्या काठावर नागरिक नदीसाठी झटत आले आहेत. खडकवासल्यापासून तिथपर्यंतच्या टप्प्यासाठी पहिला विसर्ग समितीत मागावा. या मागणीत काठ बांधू पाहणारे आणि झाडं वाचवू पाहणारे, दोघेही सामील होऊ शकतात.