एक पत्र दाखवून माउंटन मेडोजचा विषय संपत नाही

माउंटन मेडोज म्हणजे अमेरिकेतल्या युटामधला एक माळ. तिथे 1857 ला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या भागातून चाललेला आर्कान्सासच्या वाटसरूंचा तांडा मारला गेला. त्या हत्याकांडाचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो. मॉर्मन चर्चचा प्रमुख ब्रिगहॅम यंगने 'त्या लोकांना जाऊ द्या' असं लेखी कळवलं होतं, मारलं पाय्यूट इंडियन (तिथली मूळ रहिवासी जमात) लोकांनी, त्यांना फूस लावली एकट्या जॉन ली या मॉर्मन माणसाने आणि त्याला फाशी झाली, सबब मॉर्मन नेत्यांचा काही संबंध नाही. मला हे पटत नाही, आणि फाशीचं तर साफ चूक आहे, ली ला गोळ्या घातल्या होत्या, 23 मार्च 1877 ला, त्याच माळावर.

आधी पत्राचं बघू. पत्र खरं आहे. या वाटसरूंचं काय करायचं हे विचारायला जेम्स हॅसलम घोड्यावरून सीडर सिटीहून सॉल्ट लेकला यंगकडे गेला, 10 सप्टेंबर 1857 ला पोचला, उत्तर घेऊन 13 ला परत आला, आणि कत्तल झाली 11 ला. त्यामुळे यंगने मारायचा हुकूम दिला असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण पत्र पूर्ण वाचा ना! त्यांच्या वाटेला जाऊ नका असं आहेच, पण इंडियन लोक त्यांना हवं तेच करतील आणि त्यांच्याशी संबंध चांगले ठेवा, हेही त्यातच आहे. हा माणूस तेव्हा चर्चचा प्रमुख, युटाचा गव्हर्नर आणि इंडियन कारभाराचा सरकारी अधिकारी, सगळं एकाच वेळी. अमेरिकन फौज चालून येतेय म्हणून वाटसरूंना धान्य विकू नका ही ताकीदही वरूनच आलेली, मग खालच्या माणसांच्या डोक्यात काय भरलं असेल.

आता 'पाय्यूटांनी मारलं'. काही पाय्यूट होते, पण त्यांना चिथावून आणणारे मॉर्मनच. पांढरं निशाण घेऊन गेला तो ली. आम्ही सुखरूप नेतो म्हणून आर्कान्सासच्या त्या लोकांची हत्यारं काढून घेतली, जखमी आणि लहानगी गाडीत पुढे, मागे बायका-पोरं, सगळ्यात मागे पुरुष, आणि प्रत्येक पुरुषाच्या शेजारी मिलिशियाचा, म्हणजे मॉर्मनांच्या स्थानिक सशस्त्र दलाचा, एक बंदूकवाला माणूस चालतोय. मग इशारा झाला आणि शेजारच्यानेच गोळी घातली. जवळजवळ 120 माणसं गेली, वाचली फक्त 17 लहान मुलं, बोलून काही सांगता येणार नाही म्हणून सोडलेली.

'एकटा ली' तर अजिबातच नाही. आयझॅक हाइट सीडर सिटीचा धर्मप्रमुखही होता आणि मिलिशियात मेजरही, त्याचा वरिष्ठ विल्यम डेम पॅरोवनला. मग नेते अजून कोणाला म्हणायचं? 1874 ला नऊ जणांवर आरोप ठेवले, शिक्षा एकट्या ली ला. हाइटला 1870 मध्ये चर्चमधून काढलं आणि 1874 मध्ये परत घेतलं.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते नंतरचं. जानेवारी 1858 मध्ये यंगने वॉशिंग्टनला कळवलं की हे इंडियन लोकांनी केलं. 1859 ला सैनिकांनी हाडं गोळा करून पुरली, वर दगडांचा ढीग आणि क्रॉस उभा केला, त्यावर लिहिलं, सूड घेणं माझं काम आहे असं प्रभू म्हणतो. 1861 मध्ये यंग तिथे गेला तेव्हाचं मॉर्मन नेता विल्फर्ड वुडरफच्या डायरीत आहे, यंग म्हणाला, इथे असं हवं होतं, सूड माझा आहे आणि थोडा मी घेतलाय. ते पत्र फॉरवर्ड करताना ही नोंदही सोबत ठेवा.