गर्टीच्या मागची थरथर

तुमचा लेख छान, पण त्यातली एक गोष्ट खटकली. 'गर्टी द डायनासोर' या जुन्या ॲनिमेशन फिल्ममध्ये अमेरिकन व्यंगचित्रकार विन्झर मॅकेने डोंगर-तळं एकदाच काढलं आणि त्यावर पारदर्शक सेल्युलॉइडवरची गर्टी फिरवली, असं तुम्ही लिहिलंय, ते चूक आहे. फिल्म १९१४ची, सेलच्या, म्हणजे अशा पारदर्शक सेल्युलॉइडच्या, तंत्राचं पेटंट अर्ल हर्ड या ॲनिमेटरला मिळालं १९१५ साली. मॅकेचं सगळं काम पातळ राइस पेपरवर होतं. दर कागदावर गर्टी तो काढायचा आणि मागचे दगड, तळ्याची कड जॉन फिट्झसिमन्स हा चित्रकलेचा विद्यार्थी पुन्हा पुन्हा गिरवायचा. हजारो वेळा! बिचाऱ्याचं नाव तुमच्या लेखात नाहीच.

विश्वास बसत नसेल तर गर्टीकडे न बघता फक्त दगडांकडे बघा. रेषा सतत थरथरतात, कारण दर कागदावर त्या नव्याने गिरवलेल्या आहेत. लॉकडाउनमध्ये मी आणि लेकीने काचेच्या टीपॉयखाली दिवा ठेवून ट्रेसिंग पेपरवर असाच खेळ केला होता. मांजर तिची, खिडकी माझी. चोवीस कागदांत जेमतेम दोन सेकंद झाले, आणि मांजर बरी चालली, पण माझी खिडकी मात्र भूकंप आल्यासारखी हलत होती.