काकांचं बोट

परवा रविवारी माझ्या घरी बनवलेल्या रेडिओची शिट्टी खालच्या मजल्यावरच्या काकांनी एका बोटानं बंद केली. मी दोन आठवडे त्या शिट्टीमागे होतो. काका बँकेतून रिटायर झालेत, सोल्डरिंग आयर्नला ते "ती इस्त्री" म्हणतात.

रेडिओ म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर हॅम लोकांच्या, म्हणजे हौसेनं बिनतारी बोलणाऱ्यांच्या, गप्पा ऐकायचा साधा रिसीव्हर. त्याच्या शेपटाला एलएम ३८६, आठ पायांची ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप. तिच्या १ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की गेन, म्हणजे आवाज किती पट वाढतो तो आकडा, २० वरून थेट २०० होतो. मी हावरट, लावला. व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला की कुईंऽऽऽ.

कारण पाठ आहे हो. आउटपुटचा थोडा भाग त्याच फेजमध्ये, म्हणजे लाटेवर लाट जुळून, इनपुटला परत आला, आणि फेरी मारून येताना कमी झाला नाही, की झालं सुरू. बार्कहाउसेन नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १९२१ साली हे मांडलंय. म्हणून मग मी ५ नंबरच्या पायावर १० ओहमचा रेझिस्टर आणि ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, ७ नंबरला कपॅसिटर दिला, बॅटरी नवी घातली. मधे बुधवार पेठेत जाऊन आलो, कपॅसिटर दोन रुपयांचा, पण "दहाच्या खाली देत नाही", पार्किंगचे वीस वेगळे, आणि दुकानदाराची नजर अशी की मी चुन्याची डबी मागितलीय. हे सामान विकायलाच बसलात ना? मग घेणाऱ्याला इतकं हिणवून काय मिळतं, हे मला खरंच कळत नाही.

असो. रविवारी बेल वाजली. दारात काका, बनियन आणि लुंगी.

"अरे कुकर बंद करा तुमचा. हिनं शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं. म्हणाली, डाळ नक्की लागली असणार, जाऊन सांगा."

"काका, कुकर नाहीये, रेडिओ आहे."

"रेडिओ शिजतोय?"

आत येऊन बसलेच. चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बोर्डाकडे पाच मिनिटं असं बघितलं जसं एखाद्याच्या लोनच्या अर्जाकडे बघत असतील, आणि मग म्हणाले, "ही वायर अशी का लोंबतीय?" मी अहो काका हात नका लावू म्हणेपर्यंत तर्जनीनं ती वायर बाजूला सारली सुद्धा.

शिट्टी बंद.

बोट काढलं. कुईंऽऽऽ. बोट लावलं. शांत. मग काय, त्यांना खेळच मिळाला, दहा-बारा वेळा केलं, शेवटी तर ताल धरला. आमची बायको चहा घेऊन आली ती ट्रे घेऊन तशीच बघत उभी राहिली, मुलगा टाळ्या वाजवतोय. "हातगुण असतो एकेकाचा," काका म्हणाले. वर मला विचारतात, "तू इंजिनियर ना रे?"

ती पॉटकडून, म्हणजे व्हॉल्यूमच्या खुंटीकडून, आयसीकडे येणारी फूटभर साधी वायर, बरोब्बर स्पीकरच्या वायरवर आडवी पडलेली. म्हणजे दोनशे पट वाढवलेला आवाज मीच स्वतःच्या हातानं परत आत ढकलत होतो. दोन आठवडे मी सर्किट तपासलं, वायरकडे बघितलंच नाही. काकांना सर्किट कळत नाही म्हणून त्यांना वायर दिसली. हे मी घरात कबूल केलेलं नाही.

संध्याकाळी शील्डेड, म्हणजे धातूचं कवच असलेली, वायर घातली, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड केलं, ६ नंबरच्या पायाला अगदी चिकटून १०० मायक्रोफॅरड टाकला. व्हॉल्यूम पूर्ण वर, शिट्टी गायब. तोपर्यंत लिफ्टमध्ये दोघांनी मला विचारून झालं होतं की काकांनी तुमचा रेडिओ दुरुस्त केला म्हणे. सेक्रेटरी तर इंटरकॉमची खरखर बघायला या म्हणाले. म्हणजे मला नाही, काकांना.

आता शिट्टी गेल्यावर मागचं ऐकू यायला लागलंय. रोज संध्याकाळी साडेसहाला सात मेगाहर्ट्झवर एक घर्रर्र सुरू होतं आणि रात्री दहाच्या ठोक्याला थांबतं. छोटा रेडिओ हातात घेऊन जिना उतरलो, आवाज वाढत वाढत काकांच्या दारापाशी आला. त्यांच्या पॅसेजमधला स्वस्तातला एलईडी बल्ब. सांगितलं त्यांना, एक दिवस बंद ठेवून बघा म्हटलं.

काकांनी बल्बाजवळ कान नेला, नीट ऐकलं, आणि म्हणाले, "आमचा तर गप्प आहे. तुझीच एखादी वायर लोंबत असेल. येऊ का वर?"