‘इंजेक्शनांनी अस्तर जळतं’ म्हणे!

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करणाऱ्या बायकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय: हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी गर्भाशयाचं अस्तर कायमचं जळतं, म्हणून गर्भ रुजत नाही. तेव्हा सगळ्यांनी भ्रूण गोठवून नंतरच गर्भाशयात सोडावा आणि गर्भ टिकवायला दिलेलं प्रोजेस्टेरॉनही बंद करावं, शेवटी तेही हॉर्मोनच! यात दाणाभर सत्य आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी तो दाणा. एरवी पाळीत एकच बीज पिकतं, तेव्हा इस्ट्राडायॉल हे हॉर्मोन रक्ताच्या दर मिलिलिटरमागे साधारण 200 ते 300 पिकोग्रॅमपर्यंत चढतं. इंजेक्शनांनी दहा-पंधरा फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) एकदम वाढले की ते 2000 च्याही पुढे जातं. त्यात ट्रिगरच्या (बीज पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या) आधीच प्रोजेस्टेरॉन वाढलं (1.5 नॅनोग्रॅमच्या आसपास डॉक्टर सावध होतात), तर अस्तर वेळेआधीच तयार होतं. भ्रूण स्वीकारायची त्याची मुदत मोजक्या दिवसांची. ते पुढे निघून गेलं आणि भ्रूण मागे राहिला, की चुकामूक.

पण ‘कायमचं’ कुठून आणलं? पाळीत अस्तराचा वरचा थर गळून जातो, तळच्या थरातून नवा येतो. गेल्या महिन्यातला थर उरतच नाही, मग जळलेलं राहील काय?

‘सगळ्यांनी गोठवावं’ हेही अर्धवट. 2016 मध्ये चीनमध्ये पीसीओएस (बीज नियमित न सुटण्याचा हॉर्मोनचा विकार) असलेल्या 1508 स्त्रियांवर चाचणी झाली. गोठवलेल्या भ्रूणांतून 49.3 टक्के, ताज्यातून 42 टक्के स्त्रियांना बाळ झालं. पण 2018 मध्ये नियमित बीज सुटणाऱ्या स्त्रियांवर अशीच चाचणी झाली, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय भ्रूण रुजला नाही म्हणजे दोष अस्तराचाच, असंही नाही. वय वाढलं की भ्रूणातल्या गुणसूत्रांची गडबडच जास्त आडवी येते.

सगळ्यात घातक सल्ला प्रोजेस्टेरॉन बंद करण्याचा. बीज सुटल्यावर अंडाशयात उरणारं कॉर्पस ल्युटियम हे प्रोजेस्टेरॉन बनवतं. इंजेक्शनांच्या सायकलमध्ये हॉर्मोन इतके चढतात की मेंदूकडून येणारं, कॉर्पस ल्युटियमला जगवणारं एलएच हे हॉर्मोन दबतं आणि कॉर्पस ल्युटियम लवकर मावळतं. गोठवलेल्या भ्रूणासाठी अस्तर औषधांवर तयार केलं असेल, तर बीजच सुटत नाही, म्हणजे कॉर्पस ल्युटियमही नाही. तिथे सगळी भिस्त बाहेरून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनवर. वार (प्लासेंटा) हे काम हाती घेते साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात. त्याआधी गोळ्या मनाने थांबवल्या, तर नीट रुजलेला गर्भही पडू शकतो.