जॅझ क्लबवाला पिरियड सिनेमा कसा काढावा

पिरियड क्राइम ड्रामा काढायचं मनात आलंय ना? मग मुंबईच घ्या, पन्नास-साठचं दशक घ्या आणि गोष्ट नाइटक्लबमध्येच घडवा. जॅझ कळत नसेल तरी काही अडत नाही. सॅक्सोफोन सोनेरी असतो आणि कॅमेऱ्यात झकास चमकतो, एवढं ज्ञान पुरे.

आधी धूर सोडा. धुरानं वातावरण तयार होतं आणि सेटचं प्लायवूडही झाकलं जातं. बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्राम फिरवा. मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली, त्यामुळे तुमची गोष्ट 1969 ची असेल तर एखादे आजोबा खरमरीत पत्र पाठवतील. पाठवू द्या, तिकीट तर त्यांनी काढलेलंच असतं. सेट मुंबईत लावायचीही गरज नाही. 2015 साली आलेल्या अशाच एका भल्यामोठ्या हिंदी सिनेमाची मुंबई श्रीलंकेत बांधली होती.

नायक अनाथ ठेवा. नायिका गाते, तिचंही कोणी नाही. क्लबचा मालक उंची सूट घालतो आणि संथ बोलतो. संथ बोलणारा माणूस आपल्याकडे आपोआप खलनायक ठरतो, त्यामुळे त्याचे धंदे नेमके कोणते, ते लिहीत बसायला नको.

प्रत्येक टेबलावर व्हिस्की हवी. अडचण एवढीच, की तेव्हा मुंबईत दारूबंदी होती. 1949 चा कायदा. प्यायची तर परवाना लागे आणि तो 'आरोग्यासाठी' मिळे. धडधाकट शेटजी आजारपणाचा कागद खिशात घालून परमिट रूममध्ये बसलेत आणि ज्याच्याकडे कागद नाही तो आंटीच्या अड्ड्यावर उभ्याउभ्या नवटाक मारतोय, या दृश्याचा मोह होईल. आवरा. त्यात विनोद आहे, लाचलुचपत आहे, हवालदाराचा हप्ता आहे, म्हणजे अख्खा क्राइम ड्रामा फुकटात आहे. आणि फुकटात मिळालेल्या गोष्टीवर निर्माता पैसे लावत नाही. तुम्ही आपली शिकागोहून टॉमी गन मागवा.

क्लब चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर ठेवा. खरे बँड तिथल्याच रेस्टॉरंटांत वाजायचे. मात्र कॅमेरा फ्लोरा फाउंटनकडे वळवू नका. रस्ता तोच, चालत जाण्याइतका जवळ, पण नोव्हेंबर 1955 मध्ये तिथं संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते आणि त्या वेळचे मुख्यमंत्री एकच: मोरारजी देसाई. असला आयता दुवा पटकथेत आला, तर सिनेमा खरंच मुंबईत घडतोय असा संशय प्रेक्षकाला येईल. मराठी बोलायला हवालदार आणि मोलकरीण आहेतच. दोघांना मिळून तीन वाक्यं द्या.

आता बँड. इथंच घोडं पेंड खातं.

मागे पाच-सहा ज्युनियर आर्टिस्ट पांढऱ्या कोटात उभे करा. ट्रंपेटला तीन वाल्व असतात. तुमच्या माणसाची बोटं गाणंभर एकावरच विसावली तरी चालतील. ट्रंपेटच्या तोंडात म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, खुपसलेला आणि आवाज मात्र मोकळा, खणखणीत? तेही चालेल. ड्रमरच्या हातात ब्रश द्या आणि साउंडट्रॅकवर काठ्या वाजवा. पण गाणं संपल्यावर वादक ट्रंपेटची छोटी चावी दाबून नळीत साठलेलं पाणी जमिनीवर झटकतो, ते चुकूनही दाखवू नका. हा माणूस खरोखर वाजवतो असं वाटेल, आणि मग प्रेक्षक विचारेल, हा कोण?

विचारलं की पंचाईत. कारण तो बहुधा गोव्याचा. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेला, रात्री हॉटेलात जॅझ वाजवणारा आणि दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमा. चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर व्हाझ, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाई आणि सी. रामचंद्रांबरोबर काम करी. भगवानदादांच्या 'अलबेला'त, 1951 साली, तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर. अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचं नाव 1977 मध्ये अमिताभच्या तोंडून घरोघरी पोचलं. नाव पोचलं, माणूस नाही. पेटीवर गुणगुणलेल्या चालीला अरेंजरनं अख्ख्या वाद्यवृंदाचा साज चढवायचा, कुणी कुठं काय वाजवायचं ते कागदावर मांडून द्यायचं आणि पोस्टरवर नाव संगीतकाराचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! गुन्हा म्हणावा तर आहे, पण यात गोळी कुठं झाडणार?

त्यापेक्षा शेवटच्या गोळीबारात ड्रमर मारा. झांज स्लो मोशनमध्ये गडगडत कॅमेऱ्यापाशी येईल. त्याचं नावच कुणाला माहीत नसल्यानं शोकाचा वेगळा सीन लिहायचं कामही वाचतं.

गाण्यांना मात्र खरेच वादक बोलवा, संगणकावरचा ट्रंपेट लगेच पकडला जातो. श्रेयनामावलीत त्यांना अगदी शेवटी, बारीक टायपात, भरधाव सरकवा. तोवर थिएटरातले दिवे लागलेले असतात. आणि सिनेमा पडलाच, तर मुलाखतीत बेधडक सांगा, 'तो काळाच्या पुढचा होता.' साठ वर्षं मागे नेऊन ठेवलेला सिनेमा काळाच्या पुढे कसा गेला, हे अजून तरी कुठल्या मुलाखतकारानं विचारलेलं ऐकिवात नाही.