‘कमी रनिंग म्हणजे कमी खर्च’: स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा हिशेब कोकणात का चुकतो

रत्नागिरी-चिपळूणकडच्या गाडीप्रेमींमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. दहा वर्षांत वीस हजार किलोमीटरच धावलेली सेकंडहँड स्पोर्ट्स कार डोळे झाकून घ्यावी. शेडमध्ये उभी राहिल्याने तिची झीज झालेली नसते. कंपनीने सांगितलेले मायलेज ती देतेच. आणि गाडी निम्म्या किमतीत आली की देखभालही निम्म्या खर्चात होते, असे त्याचे म्हणणे आहे.

झीज किलोमीटरप्रमाणे होते तशी वर्षांप्रमाणेही होते, हे यातील पहिल्याच विधानात नजरेआड झाले आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून गाडी चालो वा न चालो, ते साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावे लागते. टायरचे रबर उभ्या गाडीतही कडक होते. त्याच्या कडेवरील शेवटचे चार आकडे ‘3517’ असतील तर तो 2017 च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे आणि नक्षी शाबूत दिसली तरी बदलण्याच्या वयाला आलेला आहे. त्यात किनाऱ्यावरचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे ब्रेक डिस्क, सायलेन्सरचे जोड, खालच्या सांगाड्याचे बोल्ट आणि वायरिंगचे कनेक्टर गंजत राहतात. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोलही ओल धरते. पोर्शेच्या 986 पिढीच्या बॉक्स्टर आणि 996 पिढीच्या 911 कॅरेराच्या इंजिनांत इंटरमीजिएट शाफ्टचे (इंजिनच्या आतल्या एका फिरत्या दांड्याचे) बेअरिंग निकामी होण्याचा दोष प्रसिद्ध आहे आणि क्वचितच बाहेर काढलेल्या गाड्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. माझ्या मते, नियमित चाललेली आणि दरवर्षी ऑइल बदललेली साठ हजार किलोमीटरची गाडी या वीस हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा पुष्कळदा सरस असते.

गाडी शेडमध्ये उभी होती, हा दावाही तपासून घ्यावा. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये उभ्या गाड्याच बुडाल्या होत्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेषा आहे का आणि सीटच्या रुळांवर गंज आहे का, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. विम्याच्या जुन्या दाव्यांची माहितीही मागावी.

मीटरवरचा आकडा मागे फिरवता येतो, हे तर मजकूर लिहिणाऱ्याने विचारातच घेतलेले दिसत नाही. अनेक गाड्यांच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये इंजिन किती तास चालले याची नोंद असते आणि ती स्कॅनरने वाचता येते. वीस हजार किलोमीटरला हजार तास निघाले, तर सरासरी वेग ताशी वीस किलोमीटर येतो. म्हणजे ती गाडी बहुधा शहराच्या कोंडीतच खपली आहे. चारशे तास निघाले, तर सरासरी पन्नास येते आणि ते हमरस्त्याचे लक्षण आहे. पोर्शेसारख्या काही गाड्यांत इंजिन मर्यादेपलीकडच्या वेगाने किती वेळा फिरवले गेले, याचीही नोंद सापडते.

मायलेजबद्दल थोडक्यात इतकेच, की अधिकृत आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. आंबा किंवा कुंभार्ली घाट चढताना पाच लिटरचे व्ही-आठ (आठ सिलिंडरचे) इंजिन त्या आकड्याच्या जवळपासही फिरकत नाही. टाकी काठोकाठ भरून, नेहमीच्या रस्त्याने फिरून, पुन्हा भरून केलेला हिशेबच खरा मानावा.

उरला देखभालीचा खर्च. 2016 मध्ये भारतात सुमारे 65 लाखांना आलेली फोर्ड मस्टँग तुम्हाला निम्म्या किमतीत मिळाली, तरी तिचे ब्रेक पॅड, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रुंद टायर 65 लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतात. शिवाय रत्नागिरीत ती बंद पडली आणि मुंबईच्या कारागिराकडे न्यावी लागली, तर सुमारे 330 किलोमीटरचे फ्लॅटबेडचे (गाडी पाठीवर वाहून नेणाऱ्या ट्रकचे) भाडे निराळे. म्हणून सौदा ठरवण्यापूर्वी टायर, ब्रेक, क्लच आणि सर्व ऑइलच्या आजच्या भावांचे लेखी अंदाजपत्रक गॅरेजमधून घ्यावे आणि लगेच करावी लागणारी कामे मागितलेल्या किमतीतून वजा करून मगच आपला आकडा सांगावा.