ते बाकडं आम्हाला परत पाहिजे

सकाळी ग्रुपवर एकाने फोटो टाकला. बाजारपेठेतल्या दुकानाच्या कडेचं बाकडं काढून जागा मोकळी केलेली, तिथे दोन गाड्या लावलेल्या, आणि खाली ओळ, "चला, रिकामटेकड्यांचा अड्डा गेला एकदाचा." त्यावर धडाधड अंगठे. अंगठा देणाऱ्यांत अशीही माणसं आहेत, ज्यांचे वडील त्याच बाकड्यावर बसून म्हातारे झाले. नावं घेत नाही. वाचत असतील तर त्यांना कळेलच.

मालवणच्या बाजारपेठेतून जे बंदराकडे चालत गेलेत त्यांना ते बाकडं ठाऊक आहे. फणसाची जाड फळी, एका पायाखाली चिऱ्याचा तुकडा सरकवलेला, आणि बसून बसून फळीची कड अशी गुळगुळीत झालेली की ओल्या कपड्याने बसलं तर घसरायला व्हायचं. ते कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नाही. आता कोणी काढलं तेही कोणी सांगत नाही. सकाळपासून विचारतेय. एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा म्हणतो वरून आलं.

रिकामटेकडे कोण होते तिथे? बाजार आटोपून रिकामी पाटी पायाशी ठेवून पाठ टेकणारी मासेवाली? ती पहाटेपासून उभी असते. औषधं घेऊन एसटीची वेळ होईपर्यंत थांबलेली खेड्यातली म्हातारी? जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा कामाविना बसलेले खलाशी? का एका पेपरची पानं वाटून घेऊन वाचणारे ते चार पेन्शनर? यातल्या कोणाला उठवून तुम्ही गाडी लावलीत, ते तरी सांगा.

आणि माझे आबा. बऱ्याच जणांना माहीत आहे, पण आज लिहिणारच.

शेवटच्या काही वर्षांत आबांचं विसरणं वाढलं. मी कुडाळला नोकरीला, सकाळची एसटी धरून जाणार ती संध्याकाळी परत. दुपारी कधीतरी आबा इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि घरातून निघायचे. का, तर मुंबईची बोट लागणार, बोटीने त्यांचा भाऊ येणार, त्याला आणायला बंदरावर जायचं. पूर्वी आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, ते आबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बोट बंद होऊन जमाना झाला. काकांना जाऊनही.

बंदराचा रस्ता बाजारपेठेतून. आबा झपझप निघाले की बाकड्याशेजारच्या खाजाच्या, म्हणजे आपल्या मालवणी गोड खाऊच्या, दुकानातून हाक यायची, "आबानू, बोट आज उशिरान येतली. बसा हय वायच." आबा बसायचे. त्याच बाकड्यावर. समोरून चहा यायचा. तोवर कोणीतरी मला फोन केलेला असायचा, "काळजी करू नको गो, आबा हयच आसत." मी येईपर्यंत त्यांच्या शेजारी कोणी ना कोणी बसलेलं असायचं. "आबा, बोट कसली, शुद्धीवर या" असं त्या रस्त्यावर एकदाही कोणी त्यांना म्हटलं नाही. कोणी ठरवून दिलं होतं का हे? बैठक झाली होती? नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, इतकंच.

लिहिता लिहिता हात थांबला माझा.

तर, ते बाकडं नसतं तर आबांना बसवलं कुठे असतं? दुकानाच्या पायरीवर? ते बसलेच नसते, त्यांना घाई असायची. सरळ जेटीपर्यंत गेले असते, आणि पुढे पाणी.

आता "पर्यटन, पर्यटन" म्हणून माझ्यावर धावून येतील. कबूल, गावात पैसा त्यातूनच येतो. माझ्या मावसभावाचीही चार खोल्यांची न्याहारी-निवास आहे, मी काही पर्यटकांच्या विरोधात नाही. पण १९९७ साली आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, आणि २०२५ मध्ये किल्ले सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. गर्दी वाढणारच आहे. दरवेळी गाडीला जागा कमी पडली की रस्त्यावरचं एकेक काहीतरी उचलणार का? आज बाकडं. उद्या गणपतीच्या आदल्या दिवशी कवंडाळं, हरणं, शेरवडं अशी रानातली फळं-फुलं घेऊन माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीचं, सामान विकायला खेड्यातून येणाऱ्या बायका. तेव्हाही म्हणाल, अडथळा होतो. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी याच पेठेतून जाते, दुकानादुकानापुढे रांगोळ्या आणि दिवे असतात. त्या संध्याकाळी रांगोळी काय गाडीच्या चाकाखाली घालायची?

गाड्या बाहेर लावू द्या की! बाजारपेठेतून बंदर काय लांब आहे? किल्ला बघायला आलेला माणूस तटावरून चालतो, उन्हात फिरतो, त्याला पेठेतून चालायला काय होतं? उलट चालत गेला तर चार दुकानांत डोकावेल, खाजा घेईल, काजू घेईल, मसाल्याच्या वासाने थांबेल. काचा वर करून भोंगा वाजवत जाणाऱ्याने कुठल्या दुकानात कधी काय घेतलंय? व्यापाऱ्यांनीच हे बोलायला पाहिजे होतं.

मघाशी रागात फार लिहिलं असेल. तो फोटो टाकणारा मुलगा वाईट नाही, लहानपणी त्याच फळीवर उभा राहून नारळी पौर्णिमेची मिरवणूक बघायचा. त्याची आई आता एकटी असते आणि गुडघ्यांनी हैराण आहे. बाजारातून परत येताना ती कुठे टेकते, हे त्याने तिला आज घरी गेल्यावर विचारावं. मी काल बघितलं. दोन पिशव्या हातात घेऊन ती त्या गाडीच्या बॉनेटला हात टेकून उभी होती, आणि गाडीवाला तिला बाजूला व्हायला सांगत होता.

अर्ज लिहून झालाय. मागणी एकच आहे, बाकडं होतं तिथे परत ठेवा. मोडलं असेल तर फळीचे पैसे आम्ही भरतो. कागद खाजाच्या दुकानात गल्ल्यापाशी ठेवलाय, पेनासकट. दुकान बंद व्हायच्या आत सही करून जा. मुंबईत असाल तर फोन करून नाव सांगा, मी लिहून घेते. गणपतीला येऊन "बाजारपेठ आता पूर्वीची राहिली नाही" म्हणण्यापेक्षा आत्ता दोन मिनिटं काढा.